समीकरण नाही म्हणून पुरावा हलका ठरत नाही

दहावीचा निकाल लागला की घरोघरी तेच ऐकू येतं. "पोरगी हुशार आहे, मॅथ्स घेऊ दे. बायोलॉजीत काय, पाठांतर तर आहे." खरं विज्ञान म्हणजे फिजिक्स, बायोलॉजी म्हणजे नुसती नावांची यादी, असं चांगली शिकलेली माणसंही बिनदिक्कत बोलतात. मला याची मनापासून चीड येते.

पृथ्वीच्या वयाचा वाद आठवा. उत्क्रांतीला अफाट काळ हवा, हे डार्विनने १८५९ मध्ये ठामपणे मांडलं होतं. त्यासाठी दिलेला इंग्लंडमधल्या वील्ड भागाच्या झिजेचा ३० कोटी वर्षांचा हिशोब कच्चा होता, टीका झाल्यावर त्याने तो काढूनही टाकला. पण मूळ मुद्दा सोडला नाही. समोर होता केल्विन, त्या काळातला फिजिक्समधला दबदबा असलेला माणूस. जमिनीत खोल जावं तसं तापमान किती वाढतं, यावरून तापलेला गोळा इतका निवायला किती काळ लागेल, हे त्याने १८६२ मध्ये मांडलं. उत्तर आलं २ ते ४० कोटी वर्षं. १८९७ पर्यंत तो २ ते ४ कोटींवर उतरला होता. डार्विन १८८२ मध्ये गेला तेव्हाही हा पेच सुटलेला नव्हता.

गणितात चूक नव्हती, गृहीतात होती. पृथ्वीच्या पोटातली उष्णता फक्त वहनाने, म्हणजे खडक जागचा न हलता, बाहेर येते, असं केल्विनने धरलं होतं. त्याचाच जुना सहायक जॉन पेरी याने १८९५ मध्ये दाखवून दिलं की आत अभिसरण होत असेल, म्हणजे तापलेला भागच हळूहळू वर-खाली फिरत असेल, तर त्याच मोजमापांतून वय कितीतरी पटींनी वाढतं. पुढे किरणोत्सारितेवरून खडकांची वयं काढता आली. आज आपण ४५४ कोटी म्हणतो.

म्हणजे जीवाश्म, खडकांचे थर, पाळीव कबुतरांच्या जाती असे ढीगभर पुरावे जे सांगत होते तेच खरं निघालं. आणि बायोलॉजी भाकीतही करते. मादागास्करच्या एका ऑर्किडची जवळजवळ फूटभर लांब मधुनलिका पाहून डार्विनने १८६२ मध्ये लिहिलं, की तेवढी लांब सोंड असलेला पतंग तिथे असलाच पाहिजे. त्या पतंगाचं वर्णन १९०३ मध्ये प्रसिद्ध झालं!

आपल्याकडे मात्र परीक्षेत 'सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' हेच विचारलं जातं. हे कशावरून कळलं, असं कुणी विचारतच नाही. वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं ३:१ हे गुणोत्तर मुलांना तोंडपाठ असतं. त्याने मोजलेले ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले वाटाणे त्यांच्यासमोर ठेवा आणि गुणोत्तर त्यांनाच काढू द्या.