कुकर बंद कर, राम राम राम

आज ऑफिसात 'माइंडफुलनेस'चं सेशन झालं. एसी हॉल, लॅव्हेंडरचा वास, पांढऱ्या कुर्त्यातला पोरगेला ट्रेनर. निमूट बसलो होतो. पण शेवटी पठ्ठ्या म्हणतो, "प्रार्थना म्हणजे देवापुढे मागण्यांची यादी. ध्यान म्हणजे सायन्स." आणि अर्धा हॉल माना डोलावतोय! तेव्हापासून डोकं फिरलंय.

अरे बाबा, माझ्या आईने काय मागितलं ते तरी विचार.

रोज दिवेलागणीला गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या पिशवीत, हात घालून बसायची. अंगठा आणि मधलं बोट, तर्जनी लांब. "राम राम राम, कुकरच्या तीन झाल्या, बंद कर, राम राम राम." १०८ मणी. माळेच्या टोकाचा मेरुमणी आला की माळ उलटी, कारण मेरू ओलांडायचा नसतो. मध्येच इस्त्रीवाला, मध्येच आम्हाला शिव्या. माळ चालूच.

मीही तेव्हा शहाणाच होतो म्हणा. २०१७ मध्ये इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. पहाटे ४ वाजता घंटा, मौन, मोबाइल जमा, पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. खोटं कशाला बोलू, फार मोलाचं मिळालं तिथे. शिबिरापुरते जप, माळ, पूजा बाजूला ठेवायला सांगतात. तेही ठीकच, एखादी पद्धत पारखायची तर भेसळ नको. पण मी तो दहा दिवसांचा नियम घरी घेऊन आलो. आईला म्हणालो, "तू नुसतं पुटपुटतेस. मन कुठे असतं तुझं? कुकरवर."

"कुकरवरच असतं," ती म्हणाली. "परत आणते."

झालं! मन भटकलं, कळलं, परत आणलं. दहा दिवस गुडघ्यांची वाट लावून मी जे शिकलो, ते ही बाई डाळ शिजेपर्यंत करत होती. आणि मी तिला शिकवायला गेलो. लाज वाटते लिहिताना.

त्या ट्रेनरला कोणी सांगा, माइंडफुलनेस हा पाली भाषेतल्या 'सति' शब्दाचा इंग्रजी अनुवाद आहे. सति म्हणजे स्मृती. नामस्मरणातलं स्मरण त्याच धातूचं. कुकरसमोर बसलेलं ते सायन्स नाही, लॅव्हेंडर लावलं की सायन्स!

मान्य, देवाशी सौदा करणारेही आहेत. आमच्या गल्लीत तर नवस फेडायला रांग लागते. पण ॲपवर २१ दिवसांची 'स्ट्रीक' तुटली म्हणून हळहळणारे आमचे मॅनेजर काय वेगळं करतात? जाऊ दे. त्या पोराचीही नोकरीच आहे, बिचाऱ्याला बोलावं लागतं.

बाबांच्या बायपासच्या दिवशी आई चार तास बाकड्यावर माळ ओढत होती. नंतर विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, "मागायचं सुचलंच नाही रे. राम म्हणत राहिले."

आता ऐंशीची आहे. नावं विसरते. परवा मला मामाच्या नावाने हाक मारली. मेरुमणी मात्र बोटांना बरोब्बर कळतो. थांबतात, माळ उलटी करतात.

हे टाइप करतोय तर आतून चालूच आहे. राम राम राम, दूध वर आलं का बघ रे, राम राम...

उठतो. आलंच असणार.