ट्रक-ट्रेलरमधल्या हवेच्या पाइपांबाबत आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ट्रक आणि ट्रेलर यांच्यामधले हवेचे पाइप स्प्रिंगच्या आधारावर टांगलेले असावेत, चासीवर लोळत राहू नयेत, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की पाइप फुटला तरी ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, तेव्हा आधाराचा एवढा बाऊ कशाला. गुंडाळीच्या, म्हणजे स्प्रिंगसारखे वेटोळे असलेल्या, पाइपांना आधार लागतच नाही, असेही आपण म्हणता. फार तर प्लास्टिकच्या पट्टीने सगळे एकत्र आवळावे. आणि मी सांगितलेला निळा रंगही आपल्या मते चुकीचा आहे. शेवटी ‘टेबलावर बसून लिहिणाऱ्यांनी चालकांना घाबरवू नये’ असेही आपण सुनावले आहे.

आधी या शेवटच्या वाक्याविषयी. मतभेदाचे मला वावडे नाही, पण ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या कामाविषयी असा निकाल देणे शोभत नाही. माझी उमेदीची सारी वर्षे ट्रेलरच्या देखभालीत गेली आहेत. केबिनमागच्या पत्र्यावर गुडघे टेकून मी हे पाइप बोटांनी चाचपले आहेत. घासलेल्या जागी गोल पाइप आधी सपाट आणि गुळगुळीत लागतो, नंतर त्या सपाट पट्ट्यात आतल्या विणीचे धागे वर येतात. पत्र्यावर टेकलेला पाइप खालच्या अंगाने झिजतो, त्यामुळे खाली उभे राहून नजर टाकणाऱ्याला तो धडधाकटच दिसतो. हे टेबलावर बसून कळत नाही.

रंगाबाबत आपले म्हणणे रास्त आहे. नियंत्रणाचा पाइप, म्हणजे पेडल दाबल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावणारा, काही देशांत निळा असतो, तर काही ठिकाणी पिवळा, आणि लेखात तसा उल्लेख असता तर बरे झाले असते. पुरवठ्याचा पाइप, म्हणजे ट्रेलरला सतत हवा पुरवणारा, दोन्हीकडे लालच असतो.

आता ‘ब्रेक आपोआप लागतात’ या वाक्याकडे वळतो, कारण असल्या अर्धवट माहितीवर विसंबूनच पाइपांची हेळसांड होते. आपण सांगता ते लाल पाइपापुरते खरे आहे. त्यात हवेचा दाब सतत असतो. तो फुटला की दाब उतरतो आणि ट्रेलरचे आपत्कालीन ब्रेक लागतात. पण ते कुठे लागतील हे चालकाच्या हातात नसते. वळणावर, ओल्या रस्त्यावर, मागे दाटून वाहने येत असताना, त्याने पायही न उचलता ट्रेलर पकडला जातो. याला आपण सुरक्षितता म्हणता?

निळ्या, म्हणजे नियंत्रणाच्या, पाइपाची गोष्ट तर याहून वेगळी आहे. पायाखालचे पेडल दाबेपर्यंत त्यात दाबाची हवा नसते. तो घासून फुटला असला तरी गाडी धावत राहते, दाबाचा काटा जागचा हलत नाही, इशारा वाजत नाही. चालक उतारावर पेडल दाबतो तेव्हा हवा त्या भोकातून बाहेर जाते, ट्रेलरचे ब्रेक धरत नाहीत आणि मागचा सगळा भार पुढच्या ट्रकवर येतो. अनेक गाड्यांत टाकीचा दाब सुमारे ६० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे एकक) आला की इशारा होतो, आणि २० ते ४५ पीएसआयच्या दरम्यान ट्रकची हवा वाचवणारी झडप बंद होऊन ट्रेलरचे आपत्कालीन ब्रेक लागतात. आपले ‘आपोआप’ येते ते इतके उशिरा, आणि तेही पेडल दाबल्यानंतर. त्या दरम्यान गाडी किती पुढे गेलेली असेल, याचा विचार आपण केलेला दिसत नाही.

म्हणून खरा प्रश्न पाइप फुटल्यावर काय होते हा नसून तो का फुटतो हा आहे. गाडी काटकोनात वळते तेव्हा पाइपाला जास्त लांबी लागते. सरळ रस्त्यावर तीच लांबी सैल पडून खाली येते. ही वाढीव लांबी वर उचलून धरणे आणि वळताना मोकळी सोडणे, ही दोन्ही कामे स्प्रिंग करते. अमेरिकेच्या संघीय नियमांतील ३९३.४५ या कलमातही नेमक्या याच दोन अपेक्षा आहेत: पाइप जोडलेल्या भागांच्या नेहमीच्या हालचालींना पुरेल इतका लांब व लवचीक असावा, आणि तो घासणार नाही, मुरगळणार नाही असा बांधलेला असावा.

गुंडाळीच्या पाइपालाही वजन असतेच. आधार नसेल तर ते टोकाच्या जोडावर येते. प्लास्टिकच्या पट्टीविषयी फार लिहीत नाही. आवळलेले पाइप एकमेकांना आणि विजेच्या केबलला घासतात, आणि वळताना त्यांतल्या सर्वांत आखूड पाइपावर सगळा ताण येतो. प्रत्येकाला स्वतंत्र खाच असलेला हँगर याचसाठी असतो.

पुन्हा लिहिण्यापूर्वी एवढे करा. चाकांना अडण लावून ट्रेलरचा हँडब्रेक सोडा, टाकी भरलेली असताना इंजिन बंद करा, दुसऱ्या माणसाला पेडल दाबून धरायला सांगा आणि निळ्या पाइपावरून, विशेषतः त्याच्या खालच्या अंगावरून, साबणाचे पाणी फिरवा. नंतर मोकळ्या जागेत, तो माणूस बाजूला सुरक्षित अंतरावर उभा असताना, गाडी सावकाश दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि पाइप कुठे टेकतो, कुठे ताणतो ते त्याला पाहू द्या. जे दिसेल ते लिहून पाठवा. ते माझ्या विरोधात असले तरी एक शब्दही न गाळता प्रसिद्ध करीन.