डग्ग्याचा घुमारा डायफ्रामच्या मापावर ठरत नाही

‘पेन्सिल माइक म्हणजे पातळ आवाज. तबला-डग्गा रेकॉर्ड करायचा तर एक इंची डायफ्रामचाच कंडेन्सर घ्या.’ घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो. (कंडेन्सर हा विजेवर चालणारा संवेदनशील माइक. डायफ्राम म्हणजे आवाजाने थरथरणारा त्यातला पातळ पडदा; पेन्सिल माइकमध्ये तो छोटा असतो.) त्यामागे चार कारणं सांगतात. त्यातलं एकच खरं आहे.

‘छोट्याला बेस येत नाही.’ ध्वनिमापनाचे अर्धा इंची ओम्नी (सर्व दिशांनी सारखं ऐकणारे) माइक २० हर्ट्झच्या खोल स्वरापर्यंत आवाज न घटवता टिपतात. बेस घटतो तो कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) रचनेमुळे, आणि तो अंतरावर अवलंबून असतो: माइक जवळ नेला की फुगतो, लांब नेला की ओसरतो. एक इंची कार्डिऑइडचंही तेच. डग्गा पातळ वाटला तर आधी माइक ४० सेंमीवरून २५ सेंमीवर आणून ऐका.

‘मोठा जास्त बारकावे टिपतो.’ समोरून आलेल्या आवाजाबाबत यावर वाद घालता येईल, बाजूच्या आवाजाबाबत नाही. १० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३.४ सेंमी, म्हणजे एक इंची डायफ्रामच्या जवळपास. अशी लहर तिरपी आली की डायफ्रामच्या एका कडेला दाब चढता आणि दुसऱ्या कडेला उतरता असतो, म्हणून वरच्या पट्टीतला आवाज काही अंशी कटतो. तबला-डग्ग्याच्या मधोमध वर एकच माइक लावला, तर चाटीवरचा ‘ना’ तिरपाच येतो, शेजारची पेटी तर पूर्ण बाजूने. मोठ्या माइकमध्ये हे आवाज बोदे होतात आणि मिक्सिंगमध्ये ईक्यूने (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करून) नीट सुधारत नाहीत. छोट्या डायफ्राममध्ये त्यांचा पोत बराच टिकतो. माझ्या मते तबल्यासाठी हाच निर्णायक मुद्दा आहे.

‘जोरकस थापेला छोटा फाटतो.’ न्यूमन कंपनीचा छोट्या डायफ्रामचा केएम १८४ आणि मोठ्या डायफ्रामचा टीएलएम १०३, दोघांचीही न फाटता आवाज झेलण्याची मर्यादा १३८ डेसिबल. फाटतो तो बहुधा इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्राचा) प्रीअँप, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवणारा भाग. सर्वांत जोरकस थाप वाजवून घ्या आणि मीटरवरचं पीक (सर्वांत उंच पातळी) उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन, म्हणजे प्रीअँपची वाढ, ठेवा. गेन शून्यावर आणूनही लाल दिवा लागत असेल तर १० डेसिबलचा पॅड (सिग्नल कमी करणारा जोड) वापरा. पॅड केबलमध्ये लावायचा असेल तर त्यातून ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधून माइकला मिळणारा वीजपुरवठा) पुढे जातो ना, हे विकत घेण्याआधी बघा.

‘छोट्यात खरखर जास्त.’ हे खरं. टीएलएम १०३ चा स्वतःचा नॉइज ७ डेसिबल-ए (कानाच्या संवेदनेनुसार मोजलेले डेसिबल), केएम १८४ चा १३. थापेखाली हा फरक ऐकूच येत नाही. एकट्या तानपुऱ्याच्या किंवा हळू आवाजातल्या वाचनाच्या रेकॉर्डिंगला मात्र येतो. तिथे मोठाच घ्या.