‘फोटो पाठवून कसली मासेमारी?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

कार्प हा गोड्या पाण्यातला मासा गळाने पकडण्याच्या ऑनलाइन स्पर्धेत भाग घेतला त्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की प्रत्येकाने आपापल्या पाण्यावर बसायचं, मासा लागला की फोटो पाठवायचा आणि दूर कुठेतरी बसलेल्या पंचाने गुण द्यायचे, याला स्पर्धा म्हणणं हाच एक विनोद आहे. फोटोत लबाडी करणं म्हणजे डाव्या हातचा मळ. कुणाचं तळं माशांनी गच्च भरलेलं, कुणाची नदी रिकामी, मग तुलना कसली? आणि एवढं करून त्या मुक्या जिवाला नुसत्या फोटोपायी पाण्याबाहेर तडफडवायचं. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘पुढच्या वेळी पुन्हा भाग घेणार का?’

तुम्ही स्वतः गळ टाकता हे तुमच्या लिहिण्यावरून कळतंच, म्हणून गुळमुळीत उत्तर देत नाही.

आधी लबाडीचं बघू, कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे. हात लांब करून मासा कॅमेऱ्यापुढे धरला की हातभर मासा दीड हाताचा दिसतो, हे आपल्याला काय नवीन नाही. काठावरच्या निम्म्या गप्पा त्याच जोरावर चालतात. पण स्पर्धेत तसला फोटो चालतच नाही. मासा मोजपट्टीवर आडवा ठेवावा लागतो. पट्टीच्या एका टोकाला छोटी उभी फळी असते, तिला माशाचं तोंड टेकलेलं हवं, तेही मिटलेलं. शेपटीचं टोक आणि त्याखालचा आकडा स्पष्ट वाचता आला पाहिजे. फोटो बरोबर वरून काढायचा, कारण तिरक्या फोटोत शेपटी पुढच्या आकड्यावर गेल्यासारखी भासते. चौकटीत स्पर्धेचा संकेतांक लिहिलेलं कार्ड दिसलं पाहिजे. हा संकेतांक स्पर्धा सुरू व्हायच्या जरा आधी कळवतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा फोटो काढून खपवायची सोय उरत नाही. फोटोची मूळ फाइलच मागतात, कारण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तारीख-वेळेची आतली नोंद शिल्लक राहत नाही. ती नोंद बदलता येते हेही पंचांना माहीत असतं, म्हणून शंका आली की मासा सोडतानाचा व्हिडिओ मागतात.

‘तोच मासा दोनदा मोजला तर?’ असं तुम्ही विचारलंत. मिरर कार्प असेल तर हे जवळजवळ अशक्य. त्याच्या अंगावरचे मोठे, विस्कळीत खवले प्रत्येक माशात वेगळ्या ठिकाणी असतात, आणि एकाच तळ्यावर वर्षानुवर्षं बसणारी मंडळी अशा माशांना नावानिशी ओळखतात. कॉमन कार्पचं अंग मात्र सगळं एकसारख्या खवल्यांनी मढलेलं, तिथे कल्ल्याजवळचा गळलेला खवला, फाटलेला पर असल्या खुणा बघाव्या लागतात. म्हणून सगळ्यांनी माशाची डावीच बाजू दाखवायची असा नियम असतो. एकाची डावी आणि दुसऱ्याची उजवी बाजू आली तर पंच तुलना करणार कशी?

मेलेला किंवा विकत आणलेला मासा पट्टीवर ठेवणारेही निघतील, पण डोळा चुगली करतो. जिवंत मासा आडवा ठेवला की तो डोळा फिरवून पातळी धरू पाहतो. मेलेल्याचा डोळा शरीर वळेल तसा सरळ वर बघत राहतो. हे एकदा लक्षात आलं की कुठल्याही फोटोत नजर आधी तिथेच जाते. (लग्नात जेवणाऱ्यांच्या ताटातल्या तळलेल्या माशाचाही मी आता डोळाच बघते, त्याला इलाज नाही.)

आमच्या गटातल्या एका चांगल्या खेळाडूचा सगळ्यात मोठा मासा बाद झाला. कारण काय, तर तोंड आणि फळी यांत बोटाएवढी फट. त्याने वाद घातला, फट वजा करूनही मासा आमच्या सगळ्यांच्या माशांपेक्षा लांबच होता. पंच बधले नाहीत. मला ते आवडलं.

तरीही फसवायचंच असं कुणी ठरवलं तर तो फसवेलच. पण मग काठावर पंच उभा असला म्हणजे सगळं आलबेल, हे कुठून आलं? 2022 साली अमेरिकेत ईरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत, सगळ्यांदेखत वजन झाल्यावर, वॉलाय माशांची पोटं फाडली तर आतून शिशाचे गोळे निघाले. तिथे पंच होता, काटा होता, प्रेक्षकही होते. मोजपट्टीवर निदान माशाच्या पोटात काही कोंबून लांबी वाढत नाही.

आता पाण्याचं. इथे तुमचं बरोबर आहे. पाणी सारखं नसतं आणि कुठलाही नियम ते सारखं करू शकत नाही. फक्त एक गोष्ट बघा, लांबी मोजण्यामागे थोडा विचार आहे. माशाचं वजन ढोबळमानाने लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे 60 सेंटिमीटरचा कार्प आणि 90 सेंटिमीटरचा कार्प यांत लांबी दीडपट, पण वजन जवळजवळ साडेतीनपट. वजनावर गुण दिले असते तर मोठ्या माशांच्या तळ्यावर बसलेल्याने एकाच माशात बाकीच्यांचा निकाल लावला असता. लांबीवर गुण दिले की तोच फरक दीडपटीवर येतो. त्यात बहुतेक ठिकाणी सगळ्यात लांब अशा ठरावीक माशांचीच बेरीज धरतात, म्हणजे शेकड्याने लहान मासे काढणाऱ्यालाही वेगळा फायदा नाही. अंड्यांवर आलेल्या मादीचाही हाच प्रश्न. कार्प मादीत वजनाच्या किलोमागे लाखभर किंवा त्याहून जास्त अंडी असतात. काट्यावर ती अंडी गुण मिळवून देतात, पट्टीवर नाही.

उरलेली असमानता मी मान्य करते. पण काठावरच्या स्पर्धेत तरी काय असतं? चिठ्ठ्या टाकून जागा वाटतात. वारा ज्या टोकाला लाटा लोटतोय तिथली चिठ्ठी आली तर दिवस सोन्याचा, आणि उथळ, निवांत कोपऱ्यातली आली तर दुपारपर्यंत जांभया. तोही नशिबाचाच खेळ. ऑनलाइनमध्ये निदान आपलं पाणी आपण निवडलेलं असतं, त्याचा तळ, त्यातलं शेवाळ, मासे पहाटे कुठे लोळतात हे आपल्याला माहीत असतं. मी पहिल्या नंबरासाठी बसत नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल, पण माझ्या पाण्यातून पहिला नंबर येणार नाही हे मला कळतं, आणि कळूनही मजा येते. एवढंच यावर सांगण्यासारखं आहे.

माशाच्या हालांचा तुमचा मुद्दा मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर मी ‘माशाला काही वाटत नाही हो’ या भिंतीआड लपणार नाही. 2002 मध्ये जेम्स रोझ या शास्त्रज्ञांनी मांडलं होतं, की माशांच्या मेंदूत निओकॉर्टेक्स, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या मेंदूवर असतो तो बाहेरचा थर, नाही, तेव्हा आपल्या अर्थाने वेदना त्यांना जाणवत नसणार. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन या संशोधिकेने ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक आम्ल टोचून पाहिलं. आम्ल टोचलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले, आणि टोचलेले मासे बराच वेळ खायला तयार होईनात. वाद अजून चालू आहे. कार्पपुरतं बोलायचं तर 1970 चं बेउकेमा या संशोधकाचं काम मला जास्त बोलकं वाटतं. एकदा गळाला लागलेले कार्प त्यानंतर गळाला सहजी लागत नव्हते, आणि हा परिणाम वर्षभराच्या आसपास टिकत होता. ज्या जिवाला एवढं आठवतं, त्याला काहीच झालं नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग तरी गळ टाकते का? टाकते. त्यात तुमच्यात नि माझ्यात फरक नाही, तुम्हीही टाकता. प्रश्न एवढाच उरतो, की ऑनलाइन स्पर्धेमुळे माशाचे हाल वाढतात की कमी होतात.

तुम्ही कौतुक केलंत त्या काठावरच्या स्पर्धेत पकडलेले मासे कीपनेटमध्ये, म्हणजे पाण्यात सोडलेल्या लांब जाळीदार पिशवीत, शेवटचं वजन होईपर्यंत अडकून असतात. सकाळी लागलेला मासा संध्याकाळी सुटतो. मोठ्या कार्पच्या स्पर्धेत प्रत्येक माशाचं वजन करायला पंच येतो खरा, पण तो तळ्याच्या दुसऱ्या टोकाला असला तर मासा पिशवीत त्याची वाट बघत पडतो. ऑनलाइन स्पर्धेत वाट बघायला कुणी नसतं. पट्टी, फोटो, पाणी, बस.

हां, ही ‘बस’ कोण किती वेळात करतो यावर सगळं ठरतं. स्पर्धा ऑनलाइन असल्यामुळे तो वेळ बघायला काठावर कुणी नसतं, आणि माझ्या मते या प्रकारातली खरी खोट ही आहे, लबाडी नव्हे. फोटो अस्पष्ट आला, पुन्हा काढ. कार्ड उडालं, पुन्हा ठेव. मासा उसळला, पुन्हा सरळ कर. प्रत्येक ‘पुन्हा’ माशाच्या श्वासातून वजा होतो. पाण्याबाहेर कल्ल्यांचे पातळ पदर एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू घेणं जवळपास थांबतं.

म्हणून सगळी तयारी गळ टाकायच्या आधीच व्हायला हवी. मी फोन लहान तिकाटण्यावर खाली तोंड करून आधीच लावते, पट्टी त्याच्या बरोबर खाली, कार्ड पट्टीला क्लिपने पक्कं. पट्टी आणि माशाखाली अंथरायची मॅट दोन्ही ओली, आणि उन्हात पडलेली काळी पट्टी असेल तर तिच्यावर हात टेकवून बघायचं. आपल्याला चटका बसला तर माशाला किती बसेल? मासा लागला की खेळवत उगाच वेळ काढायचा नाही. जाळ्यात आला की तो पाण्यातच राहू द्यायचा, पाण्यातच हुक सोडवायचा. हेअर रिग नावाच्या गळाच्या रचनेत आमिष हुकवर नसतं, हुकखाली लोंबणाऱ्या बारीक दोऱ्यावर असतं. मासा आमिष ओढून घेतो, नको वाटलं की थुंकायला जातो आणि हुक खालच्या ओठात रुततो. 1980 च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी ही रचना काढली. कार्पचे दात तोंडात नसून घशात असतात, त्यामुळे ओठातला हुक काढणं घशातल्यापेक्षा कितीतरी सोपं, आणि टोकाजवळ उलटा काटा नसलेला हुक असेल तर चिमटाही क्वचित लागतो. मग हात ओले करून, गुडघ्यावर बसून मासा उचलायचा, उभं राहून तर कधीच नाही. पट्टीवर ठेवायचा, एक हात डोळ्यावर हलकेच झाकायचा की तो बहुधा निवांत पडतो, हात काढायचा, बटण दाबायचं. माझा साधा नियम आहे: मासा पाण्याबाहेर काढताना मी श्वास रोखते, आणि मला श्वास घ्यावासा वाटला तर मासा परत जातो, फोटो आला असो वा नसो.

हे प्रत्येक स्पर्धक करतो का? नाही. मी पाहिलेल्या काही फोटोंत मासा कोरड्या खडीवर पडलेला, अंगावरचा चिकट थर धुळीने माखलेला होता. अशा फोटोला शून्य गुण द्यायला हवेत, मग माशाची लांबी कितीही असली तरी. काही आयोजक तसं करतात, सगळे करत नाहीत. तुमची टीका तिथे लावलीत तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

सोडून देण्याचा नियमही सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. कार्प जगातल्या सर्वाधिक उपद्रवी शंभर परक्या जातींच्या, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात किंवा क्वीन्सलँडमध्ये पकडलेला कार्प जिवंत परत पाण्यात सोडणं कायद्याने चालत नाही. जर्मनीत उलट, योग्य कारणाशिवाय प्राण्याला दुखापत करायला बंदी असल्याने, नुसतं पकडून सोडणं हाच वादाचा विषय आहे. तेव्हा ‘मासा सोडलाच पाहिजे’ असं सरसकट छापणाऱ्या स्पर्धेने आधी कायद्याचं पुस्तक उघडावं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मला खुपते, म्हणून सांगते. गुणतक्ता. दर थोड्या वेळाने फोन उजळतो आणि कुणाचा तरी मासा आपल्यापुढे जातो. मग माणूस रात्री उठून गळ बदलतो, पाणी तापलेलं असूनही बसतो, दमलेल्या माशाला सावरेपर्यंत पाण्यात धरून उभं राहण्याऐवजी घाईघाईने ढकलून देतो. मी स्पर्धेच्या दिवशी तक्ता बघत नाही. पाठवते आणि फोन पालथा ठेवते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, पुन्हा भाग घेणार. पण स्पर्धा कधी आहे ते बघून. पाणी 10 अंशांवर असताना लिटरमागे 11 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळलेला असतो, 30 अंशांवर तो साडेसातच्या घरात येतो, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. भर उन्हाळ्यातली स्पर्धा असेल तर मी नाही. पाणी 17-18 अंशांपुढे जाऊन मासे काठाच्या गवतात अंडी घालायला धडपडत असतील तेव्हाही नाही. थंडी सरता सरता, पाणी नुकतं उबदार व्हायला लागल्यावरची असेल, आणि कोरड्या खडीवरच्या फोटोला शून्य देणारा पंच असेल, तर नाव नोंदवीन.