परीक्षक काय बोलले, ते आम्हालाही ऐकू द्या

फायनल होऊन चार दिवस झाले तरी आमच्या ग्रुपवरचं भांडण मिटलेलं नाही. बोस्टन क्रुसेडर्स हे पथक यंदा पहिल्यांदा ड्रम कोअर इंटरनॅशनल या अमेरिकेतल्या वादनपथकांच्या स्पर्धेचे विजेते झाले. पथक 1940 सालचं, आणि पहिलं जेतेपद 2025 मध्ये! इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये निकाल पुकारला तेव्हा मी उभी राहून ओरडत होते. घसा अजून बसलेलाच आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर पहिला मेसेज, "पण गुण बरोबर पडले का?"

या प्रश्नावर मला बोलायचंय, आणि मराठीत बोलायचंय. माझ्या मित्रयादीत ढोल-ताशा वाजवलेले पुष्कळ जण आहेत. दीड-दोन महिने रोज संध्याकाळी खांद्याला वळ पडेपर्यंत सराव करायचा आणि सगळा जीव एका दिवसात ओतायचा म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

ज्यांना ड्रम कोअर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फुटबॉलच्या मैदानावर दीडशेच्या घरात मुलंमुली, सगळी एकवीस-बावीसच्या आतली. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-तलवारी-लाकडी बंदुका फिरवणारा कलर गार्ड. सनई जातीची वाद्यं नाहीत, क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. अकरा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम, तोच अख्खा उन्हाळा घासायचा. दिवसभर उन्हात सराव, संध्याकाळी प्रयोग, रात्री बसमध्ये झोप, पहाटे पुढच्या गावातल्या शाळेच्या जिममध्ये फरशीवर उरलेली झोप. यासाठी मुलांना पैसे मिळत नाहीत, उलट तीच हजारो डॉलर फी भरतात. आणि वयाची मर्यादा अशी की शेवटच्या वर्षाच्या मुलासाठी फायनलची रात्र खरोखर शेवटची असते. पुढच्या वर्षी त्याला कोणीच घेणार नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते 9 ऑगस्ट 2008 ला. इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला शिकायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. इंडियानापोलिसचं नवं स्टेडियम वेळेत तयार झालं नाही म्हणून त्या वर्षीची फायनल आमच्या युनिव्हर्सिटीच्या मेमोरियल स्टेडियममध्ये आली. घरमालकीणबाईंकडे एक जादा तिकीट होतं. पुण्यात सहा वर्षं पथकात ताशा वाजवलेली मुलगी मी. मनात म्हटलं, बघू तरी, यांचं मिरवणुकीचं वादन कसं असतं ते.

पहिल्या ड्रमलाइननं, म्हणजे तालवाद्यांच्या रांगेनं, हात सुरू केला आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे ताशाची तर्री सुरू झाली की ढोलवाले टिपरू उचलून वाट बघतात, ती जी एक क्षणाची शांतता असते ना, तीच शांतता त्या परक्या मैदानावर होती.

त्या रात्री इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंटनं स्पार्टाकस, म्हणजे रोमन गुलामांच्या बंडाची गोष्ट, सादर केला. आदल्या रात्रीच्या उपांत्य फेरीपर्यंत कॅलिफोर्नियाचे ब्लू डेव्हिल्स पुढे होते, म्हणजे निकाल काय लागणार हे बहुतेकांनी मनोमन धरलेलं होतं. शेवटाकडे मैदानावरची मुलं एकेक करून "मी स्पार्टाकस!" असं ओरडू लागली. मग माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, मग शेजारचे, मग अख्खा स्टँड. ड्रम मेजरवर, म्हणजे पथकाला ताल देणाऱ्या म्होरक्यावर, भाला चालतो तो क्षण आला तेव्हा मला एकही सूर ऐकू येत नव्हता. मी रडत होते. त्यातल्या कुणाला मी ओळखत नव्हते, कार्यक्रमाचे नियम मला ठाऊक नव्हते, इंग्रजी अजून अडखळत होतं.

मग आकडे आले. फँटम रेजिमेंट 98.125. ब्लू डेव्हिल्स 98.100.

शून्य पूर्णांक पंचवीस सहस्रांश. आमच्या पथकाला विसर्जनाच्या दिवशी कुणी कधी गुण दिले नव्हते. लक्ष्मी रोडवर लोक थांबले की थांबले नाहीत, एवढाच निकाल. त्यामुळे हा आकडा मला आधी कळलाच नाही आणि नंतर रात्रभर पुरला. एवढा बारीक फरक माणसाच्या कानाला कसा कळतो?

उत्तर मिळायला मला तीन-चार वर्षं लागली. ते असं आहे. शंभरातले चाळीस गुण परिणामाला, म्हणजे एकूण कार्यक्रम अंगावर कसा येतो त्याला. तीस संगीताला, तीस दृश्याला. संगीताचे तीन भाग: ब्रास, तालवाद्यं आणि समग्र संगीत. प्रत्येकाला वीसपैकी गुण, मग बेरीज निम्मी करायची. दृश्याचंही तसंच, त्यात कलर गार्ड येतो. आता जिथे एका भागाला दोन परीक्षक बसतात तिथे दोघांची सरासरी निघते. म्हणजे त्यातल्या एकानं वीसपैकी 19.6 ऐवजी 19.7 लिहिले, तर सरासरीत त्या 0.1 चे 0.05 होतात आणि निम्मे करताना 0.025. संपला विषय! एका माणसानं एका रकान्यात एक दशांश वर टाकला की खाली टाकला, एवढ्यानं तेवढा फरक पडतो.

हे कळल्यावर लोक दोन टोकांना जातात. काही म्हणतात, मग हे सगळं लॉटरीच आहे, गुण बंदच करा, मुलांना नुसतं वाजवू द्या. काही म्हणतात, परीक्षक नावं बघून गुण देतात. याला इथे स्लॉटिंग म्हणतात: मोठं पथक आधीच वरच्या खणात बसवून ठेवायचं. फायनलला खालच्या क्रमांकाचं पथक आधी आणि वरचं सगळ्यात शेवटी उतरतं, त्यामुळे संशयाला जागाही आहे.

मला दोन्ही पटत नाही. गुण काढून टाकले तर ही मुलं जूनच्या पहिल्या प्रयोगापासून ऑगस्टच्या शेवटच्या रात्रीपर्यंत एकेका पावलासाठी जे झगडतात ते निम्म्यावर येईल. मी पथकात असताना आम्हाला "छान वाजवलंत" याच्या पलीकडे कुणी काही सांगितलं नाही. सहा वर्षं माझा डावा हात उजव्याच्या मागे राहत होता, हे मला इथे एका ड्रमलाइनच्या शिक्षकानं पाच मिनिटांत दाखवून दिलं. कुणीतरी कान देऊन ऐकतंय आणि तोंडावर खरं सांगतंय, याची किंमत मला चांगली माहीत आहे. आणि स्लॉटिंगच सगळं ठरवत असेल तर 2008 ची ती रात्र घडलीच नसती.

जुन्या मंडळींचा एक तिसरा गट आहे, त्यांना टिक पद्धत परत हवी आहे. 1983 पर्यंत ती होती: पूर्ण गुणांपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक चुकीला एक दशांश कापायचा. चूक मोजता येते, त्यामुळे न्याय स्पष्ट वाटतो. पण त्या पद्धतीत अवघड काही करणारा मार खातो. साधा ठेका शंभर टक्के स्वच्छ वाजवणारा आणि अंगावर काटा आणणारा पण एका ठिकाणी निसटलेला, यात पहिलाच जिंकणार. नंतर गुण 'वजा' करण्याऐवजी 'मिळवायचे' झाले म्हणून आज मैदानावर एवढी कल्पकता दिसते. मला तो बदल मनापासून योग्य वाटतो.

फक्त त्या बदलानं एक गोष्ट आमच्यापासून लांब गेली. चूक मोजता येत होती तेव्हा निकाल सांगण्यासारखा होता: इतक्या चुका, इतके वजा. आता निकाल म्हणजे परीक्षकाचं मत आहे, आणि मत समजून घ्यायचं तर ते ऐकावं लागतं.

ते मत नोंदवलेलं असतं, हे पुष्कळ जणांना माहीत नसतं! प्रत्येक परीक्षक कार्यक्रम चालू असताना रेकॉर्डरमध्ये बोलत असतो. काही वर बसून, काही मैदानावर उतरून मुलांच्या रांगांमधून पळत. "इथे स्नेअर ड्रम पुढे पळतायत", "हे वळण फार सुंदर", "हा शेवट अजून मोकळा झालेला नाही". हे रेकॉर्डिंग पथकाच्या शिक्षकांना मिळतं, सीझनमध्ये ते परीक्षकांशी समोरासमोर चर्चाही करतात. आम्हा प्रेक्षकांपर्यंत येतात ते सहसा फक्त आकडे. मग त्या आकड्यांवर आम्ही तोंडाला येईल ते अर्थ लादतो आणि एकमेकांना शिव्या देतो.

1993 चं उदाहरण घ्या. मिसिसिपीतल्या जॅक्सनला फायनल झाली. कॅडेट्स 97.4, स्टार ऑफ इंडियाना 97.3. स्टार हे ब्लूमिंग्टनचंच पथक, त्यामुळे इथे तो एक दशांश लोक अजून विसरलेले नाहीत. त्यांनी बार्बर आणि बार्टोक या संगीतकारांच्या संगीतावर मिडिया, म्हणजे ग्रीक शोकांतिकेतली ती नायिका, उभी केली होती. टाळ्यांसाठी कुठे थांबणं नाही, प्रेक्षकाला गोंजारणं नाही. निम्मं स्टेडियम थक्क, निम्मं नाराज. त्यानंतर स्टारनं स्पर्धाच सोडली. पुढे त्याच मंडळींमधून ब्लास्ट! हा रंगमंचीय कार्यक्रम उभा राहिला आणि त्याला 2001 चं टोनी पारितोषिक मिळालं. आजची पथकं ज्या तऱ्हेनं शरीर वापरतात त्यात मला तरी जागोजागी ती मिडिया दिसते. ज्या परीक्षकांनी ती दुसरी ठरवली त्यांना ती कळली नव्हती का? की पूर्ण कळली होती, आणि तरीही कॅडेट्स एक केसभर सरस वाटले? या दोन उत्तरांत केवढं अंतर आहे! 97.3 या आकड्यातून दोन्ही निघतात.

आपल्याकडे 2022 साली पुरुषोत्तम करंडकाच्या महाअंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, ते आठवतंय? त्या आठवड्यात फेसबुक नुसतं पेटलं होतं. मला मात्र तेव्हा एक गोष्ट जाणवली होती. एकांकिकांचा दर्जा, लेखन, मुलांची तयारी यावर लोक पानंच्या पानं लिहीत होते. काही फार रागानं, काही फार चांगलं. परीक्षकांची भूमिका उघड झाली म्हणून वादाला विषय मिळाला. तिथे नुसता एक आकडा लावला असता तर "सेटिंग आहे" एवढंच ऐकू आलं असतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. फायनलनंतर, सीझन संपल्यावर, परीक्षकांचं बोलणं सगळ्यांना ऐकायला खुलं करा.

यावरचा सगळ्यात खरा आक्षेप माझ्या मैत्रिणीनं घेतला. तिचा मुलगा दोन वर्षं एका पथकात ट्रम्पेट वाजवतो. ती म्हणाली, "तो सतरा वर्षांचा आहे गं. मैदानावरचा परीक्षक म्हणाला, 'डावीकडून तिसरा ट्रम्पेट रांगेबाहेर', आणि ते हजारो अनोळखी लोकांनी ऐकलं, तर?" यावर मी दोन दिवस विचार केला. तिचं बरोबर आहे. मैदानावरून, मुलांच्या जवळून केलेली रेकॉर्डिंग पथकांपुरतीच राहावीत. ती शिकण्यासाठी असतात आणि त्यात एकेक मूल दिसतं. पण वर बसून अख्ख्या कार्यक्रमाबद्दल बोलणारे, म्हणजे परिणामाचे आणि समग्र संगीत-दृश्याचे परीक्षक, त्यांच्या बोलण्यात एकटं मूल नसतं, रचना असते. त्या रचना मोठ्या माणसांनी केलेल्या असतात आणि ती टीका ऐकायला समर्थ आहेत.

दुसरा आक्षेप, परीक्षक मग सावध बोलतील, गुळगुळीत बोलतील. पहिलं एखादं वर्ष बोलतीलही. पण आत्ताही ते देशातल्या सगळ्यात जाणत्या शिक्षकांसमोर बोलतात आणि कचरत नाहीत. हौशी प्रेक्षक त्यांच्यापेक्षा कडक नक्कीच नाहीत.

आणि आमचा फायदा? आम्ही ऐकायला शिकू. ब्लू डेव्हिल्सना 2014 मध्ये 99.650 मिळाले, तो आजवरचा उच्चांक आहे. शंभराला उरलेले 0.35 नेमके कुठे गेले, हे त्या वर्षी कुणी समजावून सांगितलं असतं तर आम्ही तो कार्यक्रम दहा वेळा पुन्हा पाहिला असता, आणि प्रत्येक वेळी थोडा जास्त ऐकला असता.

स्टेडियममध्ये गेली काही वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरीतले एक गृहस्थ असतात. सत्तरच्या दशकात ते स्वतः एका छोट्या पथकात स्नेअर वाजवायचे. मांडीवर वही, हातात पेन्सिल. प्रत्येक कार्यक्रमानंतर, आकडे यायच्या आत, आपले गुण लिहून ठेवतात आणि समोर चार शब्द कारण. यंदा मीही वही नेली होती. बोस्टननंतर आम्ही वह्यांची अदलाबदल केली. आमचे आकडे जुळले नाहीत, पण त्यांनी लिहिलेली कारणं वाचून मला तालवाद्यांचा एक अख्खा भाग नव्यानं कळला. मी तो ऐकलाच नव्हता, मी झेंड्यांकडे बघत होते. घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं आणि तेवढाच भाग सात-आठ वेळा ऐकला.

मी त्यांना 2008 बद्दल विचारलं. तेही त्या रात्री ब्लूमिंग्टनला होते, आमच्या समोरच्या बाजूला. जुनी वही काढून त्यांनी मला फोटो पाठवला. त्यांच्या हिशेबात ब्लू डेव्हिल्स 0.2 नं पुढे होते, आणि समोर लिहिलेलं आहे: "फँटमच्या शेवटी मला काहीच ऐकू आलं नाही, गुण अंदाजानं."

मलाही ऐकू आलं नव्हतं. पण वर बसलेल्या त्या माणसांनी त्याच गदारोळात काहीतरी ऐकलं आणि रेकॉर्डरमध्ये बोलले. ते काय बोलले, हे मला सतरा वर्षं ऐकायचंय.