'तांत्रिक मुद्दा' म्हणण्याआधी

शस्त्रांच्या कटात शिक्षा झालेला माणूस अपिलात सुटला, की आपल्याकडे 'तांत्रिक मुद्द्यावर सुटला' असे म्हणून हात झटकले जातात. इंग्लंडमध्ये राहू लागल्यापासून मला हे वाक्य खटकते.

भारतात सत्र न्यायाधीशांना दोषी का ठरवले याची कारणे निकालपत्रात लिहावी लागतात आणि अपिलात वकील त्याच कारणांचा कीस काढतात. इथल्या क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर फौजदारी खटले चालवणाऱ्या न्यायालयात, मात्र सामान्य नागरिकांतून निवडलेल्या ज्यूरीचे १२ जण बंद खोलीतून येऊन 'दोषी' किंवा 'निर्दोष' एवढेच सांगतात, आणि आतली चर्चा फोडणे हा त्यांच्यासाठी गुन्हा असतो. म्हणून न्यायाधीशांनी त्यांना कायदा कसा समजावला, हाच पुष्कळदा अपिलाचा गाभा ठरतो.

जीव धोक्यात आणण्याच्या हेतूने बंदूक बाळगण्याच्या कटाचा आरोप घ्या. ज्यूरीच्या हाती बहुधा प्रश्नांचा कागद दिला जातो: असा कट ठरला होता, याची तुम्हाला खात्री आहे का? नसेल, तर निर्दोष. असेल, तर हा आरोपी जाणूनबुजून त्यात सामील झाला का? आणि त्या बंदुकीने, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हातून, कोणाचा तरी जीव धोक्यात यावा, असा त्याचा हेतू होता का? शेवटचा प्रश्न नीट मांडला गेला नाही, तर केवळ बेकायदा शस्त्र दडवून ठेवायला तयार झालेला माणूसही त्याच गंभीर गुन्ह्यात अडकतो. याला तांत्रिक कसे म्हणायचे?

बरे, अशी चूक दाखवली की सुटका, असेही नाही. अपिलाला आधी परवानगी लागते. १९६८ च्या फौजदारी अपील कायद्यानुसार दोषसिद्धी 'असुरक्षित', म्हणजे भरवसा ठेवण्याजोगी नाही, असे आहे का, एवढेच न्यायालय बघते. न्यायाधीशांनी ज्यूरीला दिलेल्या सूचना एकत्रितपणे वाचते, आणि बचावाचे वकील खटल्याच्या वेळी गप्प का बसले, हेही विचारते. अपील मंजूर झाले तरी फेरखटल्याचा आदेश निघू शकतो.

भारतात ज्यूरी होती तेव्हाच्या, नौदल अधिकारी नानावटींवरील खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ मताने आरोपीला निर्दोष ठरवले होते. ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनातल्याच चुका दाखवून उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. तिथे मात्र 'तांत्रिक' हा शब्द आपल्याला सुचत नाही!

ज्यूरी परत आणावी, असे मला वाटत नाही. कारणे लिहून देणारा न्यायाधीश मला अधिक भरवशाचा वाटतो. पण आपल्याकडच्या कटाच्या खटल्यांतही प्रत्येक आरोपीपुढे हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे लिहून त्यांची उत्तरे दिली गेली, तर पहिल्या आरोपीविरुद्धच्या पुराव्यावर दहावा आरोपी आत जाण्याचा धोका कमी होईल.