शिरणं म्हणजे संसर्ग नव्हे

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की पेशीत शिरण्याचं काम विषाणूच्या पृष्ठभागावरची प्रथिनं करतात, पॉलिमरेज (विषाणूच्या जनुकांच्या प्रती काढणारं प्रथिन) म्हणजे नुसतं झेरॉक्स मशीन, आणि मी त्याला भलतंच महत्त्व दिलं. पहिला मुद्दा अगदी बरोबर. ‘पॉलिमरेजमुळे फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो’ हे माझं वाक्य चुकीचंच होतं. ते काढून टाकलंय. लक्षात आणून दिलंत, मनापासून आभार.

झेरॉक्स मशीन मात्र पटत नाही. फ्लूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय साहित्य, उलट्या बाजूचा, म्हणजे ऋण प्रकारचा. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला तो वाचताच येत नाही. म्हणून हा विषाणू पॉलिमरेज सोबत घेऊनच येतो; नुसता आरएनए पेशीत सोडला तर संसर्ग होत नाही. (पोलिओचा नुसता आरएनएही पुरतो, कारण रायबोसोम तो थेट वाचतो आणि पॉलिमरेज तिथेच तयार होतं.)

आता केंद्रकात काय चालतं ते बघा. पेशीच्या एमआरएनएच्या (प्रथिन बनवायचा संदेश नेणाऱ्या आरएनएच्या) टोकाला रासायनिक टोपी असते. ती नसेल तर रायबोसोम सहसा दाद देत नाही, आणि फ्लूच्या पॉलिमरेजला टोपी बनवता येत नाही. मग पीबी२ हा त्याचा भाग पेशीच्याच एमआरएनएची टोपी धरतो, पीए साधारण १० ते १३ अक्षरांवर तो धागा कापतो आणि त्या तुकड्याच्या पुढे पीबी१ विषाणूचा मजकूर जोडत जातो. पेशीचा एमआरएनए त्यात वाया जातो. पीएची ही कात्री अडवणारं बॅलोक्झाविर हे फ्लूवरचं औषध २०१८ साली जपानमध्ये मंजूर झालं. ते विषाणूला आत शिरण्यापासून रोखत नाही, तरी उपयोगी पडतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो बर्ड फ्लू. तो विषाणू माणसाच्या पेशीत शिरू शकतो, पण आत गेल्यावर त्याचं पॉलिमरेज रेंगाळतं. त्याला पेशीतल्या एएनपी३२ए या प्रथिनाची साथ लागते. पक्ष्यांच्या या प्रथिनात ३३ अमिनो आम्लांचा जादा तुकडा असतो, आपल्यात तो नाही. हे २०१६ साली उलगडलं. पीबी२च्या ६२७व्या जागी ग्लुटामिक आम्ल जाऊन लायसीन आलं की आपल्या एएनपी३२एवरही काम जोरात चालू होतं.

तेवढ्यावरून ६२७ हीच किल्ली समजू नका. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीतल्या विषाणूत ती जागा पक्ष्यांसारखीच होती. प्रथिनाच्या घडीत तिच्या जवळ येणाऱ्या ५९० आणि ५९१ या जागांवरच्या बदलांनी तिची उणीव भरून काढली होती.